कॅबिनेटवरचा लाल दिवा

वाचकाचे पत्र : मी दापोली तालुक्यात हर्णैजवळ राहते आणि शाळेत शिकवते. घरी २०१९ साली जोडून घेतलेला संगणक आहे. त्यात इंटेलचा कोअर आय३-८१०० प्रोसेसर, ४ जीबी रॅमची एक पट्टी, १ टीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. अकरावीतला भाचा सुटीत आला तेव्हा त्याने रहस्यकथेचा एक व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रे पाहत आणि संवाद वाचत पुढे न्यायचा खेळ, घेऊन दिला. रात्री जेवणे आटोपली की मी संवाद वाचते, आईला मराठीत सांगते आणि खुनी कोण यावर आमचा तिघांचा वाद रंगतो. अडचण एकच आहे. नवे दृश्य आले किंवा नवे पात्र उभे राहिले की खेळ दोन-तीन सेकंद थिजतो, कधी पार्श्वसंगीतही तुटते. पुढे संवाद वाचताना मात्र काहीच त्रास नाही. खेळाच्या माहितीत ‘शिफारस : जीटीएक्स ९६०, २ जीबी’ असे दिले आहे आणि आमच्या संगणकात ग्राफिक्सची मेमरी जेमतेम १२८ एमबी दिसते. दुकानदार २ जीबीचे जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड बसवा म्हणतात. भाच्याला जुन्या बाजारात जीटीएक्स १०५० टीआय फारच स्वस्तात दिसले आहे. यातले कोणते घ्यावे, आणि घेतले तर आमच्या खाऱ्या हवेत ते टिकेल का?

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर देतो, कारणे मागाहून. यातले कोणतेही कार्ड घेऊ नका. तुमच्या संगणकात आज जे ऑनबोर्ड, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स आहे, तेच या खेळाला पुरून उरते. पैसे खर्चायचेच असतील तर ते एक एसएसडी (हार्ड डिस्कचेच काम करणारी, पण फिरते भाग नसलेली साठवण) आणि रॅमची आणखी एक पट्टी यांवर खर्चावेत, आणि तेही पुढे सांगितलेली एक साधी पाहणी करून झाल्यावर.

इतक्या ठामपणे हे सांगता येते ते तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यामुळे. संवाद वाचताना काहीच त्रास होत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. दुकानात हे वाक्य कोणी कानावर घेतले नसावे, पण सगळा उलगडा त्यातच आहे. ग्राफिक्सला काम फक्त दृश्य बदलताना पडते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पडद्यावर पात्र नुसते उभे असले आणि तुम्ही एखादी ओळ आईंना समजावून सांगत थांबला असलात, तरी पुष्कळ खेळांत तेच चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवले जात असते. ऑनबोर्ड ग्राफिक्सची ताकद अपुरी असती तर त्याचा दम या वाचनाच्या वेळीही लागला असता, माउसचा बाण ओढल्यासारखा सरकला असता, अक्षरे धक्के खात उमटली असती. तसे काही होत नाही. खेळ थिजतो तो नेमका नवे चित्र येण्याच्या क्षणी, आणि ते एकदा आले की पुन्हा सुरळीत चालतो. म्हणजे रंगारी आपल्या जागी तयार उभा आहे, रंगाचे डबे यायला उशीर होतो आहे.

या खेळाचा ग्राफिक्सवर पडणारा भार किती असतो, याचा हिशोब कागदावर मांडता येतो आणि तो एकदा मांडलेला बरा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी घाबरवले तर तुम्हालाच आकडे सांगता येतील. तुमचा पडदा १९२०×१०८० ठिपक्यांचा धरला तर एकूण २०,७३,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे पडदाभर एक चित्र मेमरीत सुमारे ८ एमबी जागा घेते. व्हिज्युअल नॉव्हेलच्या एका दृश्यात मागे खोलीचे किंवा रस्त्याचे चित्र असते, पुढे दोन-तीन पात्रे, त्यावर संवादाची चौकट आणि फार तर धुके किंवा पावसाचा एक पातळ थर असतो. असे पाच थर धरले, प्रत्येक थर पूर्ण पडदाभर आहे असे समजले (वास्तविक पात्र पडद्याचा तिसरा हिस्साही व्यापत नाही), आणि प्रत्येक थरासाठी वाचणे-लिहिणे मिळून तीन फेऱ्या धरल्या, तरी सेकंदाला ६० चित्रांच्या वेगाने साडेसात गिगाबाइटच्या आसपास देवघेव होते. तुमच्या प्रोसेसरबरोबर चालणारी डीडीआर४-२४०० रॅमची एक पट्टी सेकंदाला १९.२ गिगाबाइट देऊ शकते. हात सैल सोडून काढलेला हा अंदाजही निम्म्याच्या आत राहतो. त्रिमितीय खेळांत ग्राफिक्सचा जीव निघतो तो हजारो त्रिकोण, त्यांवर पडणारा प्रकाश, सावल्या आणि पाण्यातली प्रतिबिंबे दर क्षणी नव्याने मोजावी लागतात म्हणून. इथे चित्रकाराने सावली आधीच रंगवून ठेवलेली आहे, संगणकाला ती मोजायची नाही, फक्त चिकटवायची आहे.

हा प्रकार मुळातच गरीब यंत्रांवर वाढला, हेही भाच्याला सांगावे. युजी होरी यांचा पोर्तोपियाच्या साखळी खुनांचा खेळ १९८३ साली जपानमध्ये ८-बिट घरगुती संगणकांवर आला. पुढे १९८५ साली तो ज्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रावर आला, त्याची स्वतःची कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट होती. फिर्यादी, साक्षीदार आणि उलटतपासणी यांचा एस अटर्नी हा गाजलेला खेळ २००१ साली पहिल्यांदा आला तो गेम बॉय ॲडव्हान्स या हातात मावणाऱ्या यंत्रावर. त्याचा पडदा २४०×१६० ठिपक्यांचा आणि प्रोसेसर १६.७८ मेगाहर्ट्झचा होता. आजचे खेळ त्यापेक्षा खूप देखणे आहेत, चित्रे मोठी आहेत, पात्रे बोलतात, पण त्यांची जातकुळी तीच आहे.

मग खेळाच्या माहितीत जीटीएक्स ९६० हे नाव आले कुठून, हा प्रश्न रास्त आहे. छोट्या चमूने बनवलेल्या खेळात ‘शिफारस’ या रकान्यात बहुधा त्यांच्या हाताशी असलेल्या आणि खेळ नीट चाललेल्या संगणकाचे वर्णन असते. त्यापेक्षा हलक्या दहा यंत्रांवर तपासून पाहायला त्यांच्याकडे ना वेळ असतो ना यंत्रे, आणि कमी लिहून तक्रारी ओढवून घेण्यापेक्षा जास्त लिहिलेले त्यांना सोयीचे पडते. बघायचा तो किमान गरजेचा रकाना. त्यातही खेळ ज्यांच्यामार्फत ग्राफिक्सला काम सांगतो त्या डायरेक्टएक्स ११ किंवा ओपनजीएलची अमुक आवृत्ती असे जे लिहिलेले असते, ते महत्त्वाचे, कारण ती अट पुरी झाली नाही तर खेळ सुरूच होत नाही. तुमच्या प्रोसेसरमधले यूएचडी ६३० हे ग्राफिक्स डायरेक्टएक्स १२ पर्यंत चालते, तेव्हा त्या बाजूने तुम्ही निर्धास्त राहा. शिवाय जीटीएक्स ९६० हे जानेवारी २०१५ मध्ये आलेले कार्ड १२० वॅट वीज मागते आणि त्याला एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) सहा पिनांची वेगळी वायर लागते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसला ती वायर पुष्कळदा नसतेच. तुमचा अख्खा प्रोसेसर, त्यातल्या ग्राफिक्ससकट, ६५ वॅटचा आहे.

१२८ एमबीचा आकडा पाहून पोटात गोळा येणे स्वाभाविक आहे. मागणी २ जीबीची आणि पदरात १२८ एमबी, असे ते वरवर दिसते. ऑनबोर्ड ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते. ते संगणकाच्या रॅममधून गरजेप्रमाणे उसनी घेते, आणि डिस्प्ले अडॅप्टरच्या माहितीत दिसणारे १२८ एमबी म्हणजे फक्त कायम राखून ठेवलेला हिस्सा. त्याच ठिकाणी शेअर्ड मेमरी असा दुसरा आकडा असतो आणि तो साधारण एकूण रॅमच्या निम्मा, तुमच्याकडे सुमारे २ जीबी, दिसेल. उसनवारीची मर्यादा ती आहे. मात्र उसने द्यायला सावकाराकडे शिल्लक हवी, आणि अडचण इथून सुरू होते.

४ जीबीपैकी दोन-अडीच जीबी विंडोज आणि त्याची मागची कामे खाऊन टाकतात. ब्राउझर उघडा असला तर उरलेलेही जाते. त्यात खेळ नवे दृश्य मागतो. चित्र हार्ड डिस्कवर दाबून ठेवलेल्या रूपात असते, ते शोधायचे, वाचायचे, प्रोसेसरने उलगडायचे, मेमरीत ठेवायचे. मेमरीत जागा नसेल तर आधी तिथले काहीतरी उचलून पुन्हा हार्ड डिस्कवरच नेऊन ठेवायचे. म्हणजे एकाच अरुंद दारातून माल आत येतो आहे आणि त्याच वेळी बाहेरही जातो आहे. हार्ड डिस्क ही फिरती तबकडी आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला हवी ती जागा सुईखाली आणायला सरासरी ४ मिलिसेकंद लागतात, सुई त्या पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ. एका तुकड्याला मिळून १२-१३ मिलिसेकंद. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. हार्ड डिस्कवरचा एकच तुकडा शोधण्यात एका चित्राची बहुतेक सगळी वेळ संपते, आणि नव्या दृश्याला पार्श्वचित्र, पात्राचे वेगवेगळे भाव, संगीत, आवाजाच्या फाइली असे कितीतरी तुकडे लागतात. संगीत तुटते तेही यामुळेच. त्याचा पुढचा हिस्साही त्याच दाराशी रांगेत उभा असतो. एसएसडीत फिरणारे काही नसल्याने तिथे एक तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर हाती येतो.

आता माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पाहा. तुमच्या कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, चालू करायच्या बटणाजवळ, दोन बारीक दिवे असतील. एक सतत पेटलेला, संगणक चालू असल्याचा. दुसरा, बहुतेक कॅबिनेटांत लाल, मधूनमधून लुकलुकणारा. तो डिस्कचा दिवा आहे. आज रात्री खोलीतला दिवा मालवून खेळ सुरू करा, भाच्याला पडद्याऐवजी त्या लाल दिव्याकडे बघत बसवा आणि दृश्य बदला. खेळ थिजलेला असताना तो दिवा लुकलुकण्याऐवजी सलग पेटून राहिला आणि आतून तबकडीचा कर्र-कर्र आवाज आला, तर शंका मिटली. दुसरी खूण म्हणजे कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या पानावर जा आणि खेळ छोट्या खिडकीत चालवून शेजारी ते पान ठेवा. विंडोज १० मध्ये डिस्क, मेमरी आणि जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स) असे तिन्ही आलेख दिसतात. थिजण्याच्या क्षणी डिस्क १०० टक्क्यांना टेकलेली, मेमरी काठोकाठ आणि जीपीयू आरामात, असे चित्र दिसेल अशी माझी पूर्ण अपेक्षा आहे. उलटे दिसले, म्हणजे वाचनाच्या वेळीही जीपीयू सतत शंभरीला चिकटलेला असला, तर मला कळवा, मी माझे शब्द मागे घेईन. तिसरी परीक्षा आणखी सोपी आहे. ज्या दृश्यावर खेळ अडला त्याच्या जरा आधी सेव्ह करा, दृश्य बघा आणि लगेच तेच सेव्ह पुन्हा उघडून तिथे या. दुसऱ्या खेपेला थांबणे कमी झाले, तर ते चित्र मेमरीत शिल्लक होते, एवढाच त्याचा अर्थ.

पैसे खर्चण्यापूर्वी एक फुकटचा उपाय करून पाहा. संगणक सुरू केल्या केल्या खेळ उघडू नका. हार्ड डिस्कवरचे विंडोज सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे अपडेट शोधणे, व्हायरस तपासणे अशा कामांत डिस्कला जुंपून ठेवते. जेवायला बसण्यापूर्वी संगणक सुरू करून ठेवावा आणि हात धुऊन खेळायला बसावे. ब्राउझर पूर्ण बंद करावा, नुसता खाली सरकवून ठेवू नये. पुष्कळ व्हिज्युअल नॉव्हेल रेन’पाय या मोफत साधनावर बनवलेले असतात, आणि ते पुढे कोणती चित्रे लागतील याचा अंदाज घेऊन आधीच उचलून ठेवते. तुम्ही संवाद सावकाश वाचत असलात तर त्याला त्यासाठी सवड मिळते. आईंना मराठीत सांगत खेळण्याचा हा एक तांत्रिक फायदाही म्हणता येईल.

खरेदीचे बोलायचे तर क्रम असा ठेवा की आधी एसएसडी आणि मग रॅम. २५० जीबीच्या आसपासची साधी सॅटा एसएसडी पुरेल. तिच्यावर विंडोज आणि खेळ ठेवावा, आणि जुनी १ टीबी हार्ड डिस्क फोटो-व्हिडिओंसाठी तशीच राहू द्यावी. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची अपडेटे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहेत आणि तुमचा आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो, तेव्हा नव्या एसएसडीवर थेट विंडोज ११ घालून घेतले तर एकाच फेरीत दोन्ही कामे होतील.

रॅमच्या बाबतीत मात्र थोडी खोलात जाऊन माहिती देतो, कारण ऑनबोर्ड ग्राफिक्सवाल्यांना रॅमचा दुहेरी लाभ असतो आणि दुकानात हे क्वचितच कोणी सांगते. एका पट्टीने सेकंदाला १९.२ गिगाबाइटचा रस्ता मिळतो. तशीच दुसरी पट्टी मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जोडखाचेत बसवली की प्रोसेसर दोन्ही मिळून वापरतो आणि रस्ता ३८.४ गिगाबाइटचा होतो. ऑनबोर्ड ग्राफिक्स याच रस्त्यावरून ये-जा करत असल्याने त्याचा वेग कार्ड न घेताच वाढतो. जुनी पट्टी ४ जीबी डीडीआर४ असेल तर दुसरी ४ जीबीचीच आणि शक्यतो त्याच वेगाची घ्यावी, म्हणजे एकूण ८ जीबी होतील. या खेळाला तेवढे भरपूर आहेत. मदरबोर्डवर दुसरी खाच रिकामी आहे ना, हे कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून आधी पाहावे, आणि पट्टी डेस्कटॉपची लांब मागावी, लॅपटॉपची आखूड पट्टी तिथे बसत नाही. रॅमचे भाव अलीकडे चढे आहेत, म्हणून ओळखीच्या दुकानातून जुन्या संगणकातली तपासलेली पट्टी मिळत असेल तर ती घेण्यात कमीपणा नाही. फिरणारे किंवा घासणारे काही तिच्यात नसते.

दुकानदारांनी सुचवलेल्या जीटी ७१० बद्दल स्पष्टच लिहितो. त्या कार्डाच्या डीडीआर३ मेमरीचा रस्ता सेकंदाला १४.४ गिगाबाइटचा आहे, म्हणजे तुमच्या आजच्या एका रॅम पट्टीपेक्षाही अरुंद. डब्यावर २ जीबी लिहिलेले असते, पण मोठी टाकी आणि बारीक तोटी असा तो प्रकार आहे. शिवाय ते कार्ड केप्लर या जुन्या पिढीचे असून त्या पिढीला नव्या खेळांसाठी मिळणारे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) २०२१ साली थांबले आणि सुरक्षेची अपडेटे सप्टेंबर २०२४ पर्यंतच होती. पैसे देऊन मागे जाण्यासारखे ते होईल. दुकानदारांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचे नाही. ज्यांच्या संगणकात ऑनबोर्ड ग्राफिक्सच नसते त्यांना पडद्यावर चित्र आणायला हेच कार्ड वर्षानुवर्षे विकले गेले आहे, आणि सवयीने तेच नाव तोंडात येते. जीटी १०३० सुचवले गेले तर त्याच्याही दोन जाती आहेत हे लक्षात असू द्यावे. जीडीडीआर५ मेमरीचे ४८ गिगाबाइटचे आणि डीडीआर४ मेमरीचे १६.८ गिगाबाइटचे, नाव मात्र दोघांचे एकच.

जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड चांगले आहे, ७५ वॅटमध्ये भागवते आणि बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही. पण ते ‘फारच स्वस्तात’ मिळते आहे, हे शब्द मला खटकले. याच नावाने नकली कार्डे मोठ्या प्रमाणावर विकली गेली आहेत. आत २०१०-११ च्या सुमाराची जुनी चिप असते आणि तिच्यातली माहिती बदलून संगणकाला १०५० टीआय असे खोटे नाव सांगायला लावलेले असते. जीपीयू-झेड नावाचे मोफत साधन अशी लबाडी ओळखून नावापुढे ‘फेक’ असा शेरा दाखवते. भाच्याला पुढेमागे मोटारींचे किंवा लढाईचे खेळ खेळायचे असतील तर कार्डाचा विचार तेव्हा वेगळा करू, मात्र विकणाऱ्याच्या घरी जाऊन, चालू संगणकावर हे साधन लावून पाहिल्याशिवाय पैसे हातावर ठेवू नयेत.

आता खाऱ्या हवेचा प्रश्न. तुमच्या पत्रातला हा भाग मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटला, कारण यात माझे हात पोळले आहेत. काही वर्षांपूर्वी मीही असाच अडखळणारा संगणक सुधारायला गुहागरकडच्या घरी एक दोन पंख्यांचे कार्ड बसवले. अडखळणे होते तसेच राहिले (तिथेही दोष हार्ड डिस्कचाच निघाला), आणि दुसरा पावसाळा सरता सरता एक पंखा जाम झाला. कार्ड काढायला गेलो तर कॅबिनेटला धरून ठेवणारा स्क्रू गंजून इतका घट्ट बसला होता की पकड लावावी लागली. पंख्याच्या पात्यांवर पांढुरकी, चिकट पूड होती, जिभेला लावली असती तर खारट लागली असती.

ती पूड म्हणजे समुद्रावरून येणारे मीठ. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते आणि त्याचा ओलसर, वीजवाहक थर तयार होतो. मृग लागल्यापासून आपल्याकडे आर्द्रता या रेषेच्या खाली क्वचित उतरते. कार्डाचा पंखा म्हणजे ही हवा मुद्दाम ओढून नाजूक भागांवर फेकणारे यंत्र. जितके पंखे कमी, जितकी खाचेत बसवलेली जोडणी कमी, तितका किनाऱ्यावरचा संगणक जास्त वर्षे टिकतो, आणि कार्ड न घेण्याचे माझ्या मते हे दुसरे सबळ कारण आहे. चालू संगणक आतून कोमट राहतो, त्यामुळे आतली हवा तुलनेने कोरडी असते. बंद पडून राहिलेला संगणक लवकर खराब होतो. पावसाळ्यात तो रोज अर्धा तास तरी चालवावा. बंद केल्यावर गरम असतानाच प्लॅस्टिकचे आवरण घालू नये, आतला ओलावा आतच कोंडतो. सुती कापड बरे. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये आणि समुद्राकडच्या खिडकीसमोर तर मुळीच नको.

रॅमची नवी पट्टी बसवायच्या वेळी जुनीही काढून घ्या. तिच्या खालच्या काठावर सोनेरी पट्ट्यांची रांग असते, त्यावर काळपट डाग दिसतील. शाळेत मुलांकडे असतो तो पांढरा मऊ खोडरबर त्यांवरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवावा, चुरा मऊ ब्रशने झटकावा आणि पट्टी दोन्ही टोकांना टक असा आवाज येईपर्यंत दाबून बसवावी. संगणकाची वायर भिंतीतून काढलेली असली पाहिजे, आणि हात आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावून घ्यावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. आपल्याकडे ऐन पावसात ‘संगणक चालूच होत नाही’ म्हणून दुकानात आलेली कितीतरी यंत्रे एवढ्या खोडरबरावर उठून बसतात. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा सुरू झाल्या की वीजपुरवठ्याबरोबर ब्रॉडबँडची वायरही काढून ठेवावी. यूपीएस असेल तर कार्ड नसल्याने तो तुम्हाला सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ आरामात देईल.

खेळाच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी पाहाव्यात. व्ही-सिंक, म्हणजे पडद्याच्या वेगापेक्षा जास्त चित्रे न रंगवण्याची सोय, चालू ठेवा. ते बंद असेल तर काही खेळ साध्या स्थिर चित्रालाही सेकंदाला शेकडो वेळा रंगवत बसतात आणि यंत्र विनाकारण तापते. २०१० साली स्टारक्राफ्ट २ या मोठ्या खेळातही मेन्यूच्या पडद्यावर हेच घडले होते आणि वेगाला लगाम घालण्याची सूचना कंपनीने खेळणाऱ्यांना दिली होती. अँटीअलायझिंग बंद करा. ते त्रिमितीय वस्तूंच्या कडा मऊ करण्यासाठी असते, हाताने काढलेल्या चित्राची कड चित्रकारानेच मऊ केलेली असते. रिझोल्यूशन मात्र शक्यतो उतरवू नका. १२८०×७२० वर ठिपके निम्म्याहून कमी होतात हे खरे, पण हा खेळ वाचायचा आहे, आणि फिकट, फुगीर अक्षरांनी तुमच्या डोळ्यांवर ताण येईल. पुरावा हातात घेऊन फिरवून बघण्यासारखे त्रिमितीय प्रसंग खेळात असतील आणि तिथेच तो जड वाटत असेल, तर तेवढ्या वेळेपुरती धूसरता आणि चमक यांची सेटिंग कमी करावी. मोठ्या टीव्हीला जोडून खेळणार असाल आणि तो ४के असेल, तर विंडोजमधून १९२०×१०८० हेच माप ठेवा. ४के म्हणजे चौपट ठिपके, आणि चित्रे मुळात तेवढ्या मापाची काढलेली नसतील तर त्यातून हाती काहीच लागत नाही.

कार्ड खरोखर लागते अशीही काही घरे आहेत, आणि तुमचे पत्र वाचून दुसरा कोणी चुकू नये म्हणून तेवढे लिहितो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असेल, जसे आय३-१०१००एफ, तर त्यात ऑनबोर्ड ग्राफिक्स नसतेच आणि कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो. २०११ च्या सुमाराचे एचडी २००० किंवा ३००० ग्राफिक्स डायरेक्टएक्स १०.१ वर अडते, त्यामुळे ११ मागणारा खेळ तिथे उघडताच त्रुटी दाखवून बंद होतो. तुमचा संगणक या दोन्हींत बसत नाही.

तेव्हा या आठवड्यात लाल दिव्याची पाहणी, मग एसएसडी, आणि भाव पाहून रॅम. एवढे झाल्यावरही एखाद्या दृश्याला खेळ थिजलाच, तर अवश्य पुन्हा लिहा. पत्रात दोन गोष्टी मात्र न विसरता घाला. त्या क्षणी लाल दिवा पेटलेला होता की नव्हता, आणि आईंचा संशय आता नेमका कोणावर आहे.